इंजिनातला गाळ सिंथेटिक ऑइलने काढताय? मग ऑइल नेमकं कधी बदलायचं

सेकंडहँड गाडी घेतली, किंवा घरचीच गाडी बरीच वर्षं नुसतं पेट्रोल टाकून पळवली, आणि एक दिवस ऑइलचं झाकण उघडून आत डोकावलं तर सगळं काळं चिकट. मग ठरतं की आता चांगल्यातलं फुल सिंथेटिक टाकायचं आणि हळूहळू इंजिन साफ करून घ्यायचं. पण ते ऑइल बदलायचं कधी? गॅरेजवाला म्हणतो ५०० किलोमीटरला काढून टाका, सर्व्हिस सेंटरवाले मॅन्युअलवर बोट ठेवून १०,००० म्हणतात, आणि सोसायटीत कोणीतरी सांगतोच की अहो सिंथेटिक आहे, १५,००० पर्यंत बघायचंसुद्धा नाही. हे शेवटचं अजिबात ऐकू नका. सिंथेटिक जास्त टिकतं हे खरंय, पण ते स्वच्छ इंजिनात. गाळाने भरलेल्या इंजिनात तेच ऑइल किती लवकर संपेल हे डब्यावर लिहिलेलं नसतं.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. पेट्रोल गाडी असेल आणि गाळ मऊ असेल तर पहिलं ऑइल १,००० ते १,५०० किलोमीटरला बदला, फिल्टरसकट. दुसरं त्यापुढे २,५०० ते ३,००० चालवून, तिसरं त्यापुढे ५,००० चालवून, आणि प्रत्येक वेळी आत बघून पुढचं ठरवा. हे आकडे काही कुठल्या कंपनीने छापलेले नाहीत, ऑइल काम कसं करतं त्यावरून काढलेला अंदाज आहे. म्हणून ते कुठून आले आणि कुठल्या गाडीला ते लावायचेच नाहीत हे समजून घ्या, नाहीतर हेच आकडे पाठ करून कोणीतरी इंजिन जाम करून घेईल.

आधी गाळ येतो कुठून. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात, आणि बहुतेक सगळं सायलेन्सरमधून निघून जातं. पण पिस्टन रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळलेला थोडा गॅस त्यांच्या बाजूने खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी जिथे ऑइल साठतं तिथे, उतरतोच, आणि त्याच्याबरोबर पाण्याची वाफ, न जळलेलं पेट्रोल, ॲसिड तयार करणारे वायू हे सगळं ऑइलमध्ये येतं. ऑइल नीट गरम झालं, म्हणजे शंभर डिग्रीच्या आसपास गेलं, की हे पाणी आणि पेट्रोल उडून जातं आणि पीसीव्ही वॉल्वमधून परत इंजिनात ओढलं जाऊन जळून जातं. गरमच झालं नाही तर ते तिथेच बसतं, ऑइलशी आणि काजळीशी मिसळतं आणि घट्ट होत जातं.

आता आपल्याकडे पुण्यात गाडी चालते कशी बघा. कोथरूडहून डेक्कन, मुलाला क्लासला सोडलं, येताना भाजी, गाडी पार्किंगला. टेंपरेचरचा काटा पाच-सात मिनिटांत मधोमध आला की आपल्याला वाटतं इंजिन गरम झालं, पण तो काटा कूलंटचा असतो, ऑइलला त्याच्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो, पंधरा-वीस मिनिटं तर सहज. डिसेंबरात सकाळी दहा-बारा डिग्री असताना तर विचारूच नका. सीएनजी वाल्यांना वाटतं आपलं ऑइल पिवळंधमक दिसतं म्हणजे सगळं ठीक, पण एक किलो मिथेन जळलं की सव्वादोन किलो पाणी तयार होतं, काजळी कमी म्हणून रंग चांगला दिसतो इतकंच. आणि याच्या उलट टोक म्हणजे एप्रिल-मे मधला सिंहगड रोड नाहीतर हिंजवडीचा ट्रॅफिक, एसी चालू, गाडी जागेवर उभी, समोरून हवा नाही. ऑइल जास्त तापलं की हवेतल्या ऑक्सिजनशी त्याचा संयोग होतो, आणि साधारण दर दहा डिग्रीला हा वेग दुप्पट होतो असं धरतात. त्यातून आधी धातूवर तपकिरी थर बसतो आणि मग त्याच्यावर बाकीचं चिकटत जातं. म्हणजे पुण्यातल्या गाडीला वर्षभरात दोन्ही प्रकार भोगावे लागतात, थंड राहण्याचा पण आणि नको तितकं तापण्याचा पण. म्हणूनच मॅन्युअलमध्ये १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष असं जे लिहिलेलं असतं त्याच्यापुढे कुठेतरी कठीण वापरासाठी वेगळा तक्ता असतो, छोटे छोटे फेरे, धूळ वगैरे, आणि त्यात अंतर कमी केलेलं असतं. ते पान कोणी उघडत नाही.

आणि हा प्रॉब्लेम फक्त हलगर्जी मालकांचा नाही. अमेरिकेत १९९७ ते २००२ मधल्या टोयोटाच्या काही इंजिनांमध्ये स्लजच्या, म्हणजे याच गाळाच्या, इतक्या तक्रारी आल्या की २००२ मध्ये कंपनीने जवळपास ३३ लाख गाड्यांसाठी वॉरंटी वाढवून दिली. चांगल्या बनावटीच्या इंजिनातही काही जागा अशा असतात जिथे ऑइल नको तितकं तापतं किंवा साचून राहतं, आणि मग दोन-तीन सर्व्हिस उशिरा झाल्या तरी पुरतं.

आता ऑइल साफ कसं करतं. ऑइलमध्ये बेस ऑइल असतं आणि त्यात मिसळलेली केमिकल्स. त्यातली दोन आपल्या कामाची. डिटर्जंट ॲसिड मारतं आणि गरम भागावरचा थर सुटायला मदत करतं. डिस्पर्संट हा सुटलेल्या आणि नव्याने येणाऱ्या घाणीचे बारीक कण एकमेकांना चिकटू न देता ऑइलमध्ये तरंगत ठेवतो, म्हणजे ऑइल काढलं की ते बरोबर बाहेर येतात. करपलेली कढई जशी आपण साबणाच्या गरम पाण्यात भिजत ठेवतो तसंच हे काम आहे, दोन मिनिटांत पाणी ओतून दिलं तर काहीच सुटत नाही आणि त्याच काळ्या पाण्यात दोन दिवस ठेवली तरी पुढे काही सुटत नाही. म्हणून ५०० किलोमीटरला बदलणं हे मला बहुतेक वेळा पैसे वाया घालवणं वाटतं, केमिकलला काम करायला वेळच मिळत नाही. आणि १०,००० पर्यंत ठेवलं तर मधेच कधीतरी डिस्पर्संटची क्षमता संपते, आणि जी घाण आत्तापर्यंत तरंगत होती ती परत खाली बसायला लागते, कधीकधी आधीपेक्षा वाईट जागी.

डब्यावर फुल सिंथेटिक लिहिलंय म्हणून ते जास्त साफ करतं असं सरसकट धरू नका. सिंथेटिकचा बेस तापमान जास्त सहन करतो, स्वतः लवकर घट्ट होत नाही, हा त्याचा मोठा फायदा. साफसफाई मात्र मुख्यतः केमिकलच्या मिश्रणावर. म्हणून डब्याच्या मागे एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम संस्था) एसपी किंवा त्याच्या नंतरचा ग्रेड आहे का बघा, एसपी २०२० मध्ये आला आणि त्यात स्लजची इंजिन टेस्ट पास करावी लागते. फक्त लक्षात घ्या की ती टेस्ट नवीन गाळ होऊ न देण्याची आहे, जुना काढण्याची नाही. जुना निघतो पण सावकाश, काही महिन्यांच्या हिशोबात. आणि घट्टपणाचा नंबर मॅन्युअलमध्ये जो आहे तोच ठेवा, ५डब्ल्यू-३० सांगितलं असेल तर ५डब्ल्यू-३०, इंजिन जुनं झालंय म्हणून २०डब्ल्यू-५० टाकून घ्या असं कोणी सांगितलं तरी नको. गाळाने ऑइल जायची भोकं आधीच अरुंद झालेली असतात, त्यात जाड ऑइल टाकलं तर सकाळी स्टार्ट केल्यावर वर हेडपर्यंत पोचायलाच वेळ लागतो.

आता फिल्टर, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच. सुटलेले मोठे कण फिल्टरमध्ये अडकतात, आणि फिल्टर भरला की त्याच्या आत किंवा हाउसिंगमध्ये एक बायपास वॉल्व असतो तो उघडतो, कारण इंजिनाला ऑइलच न मिळण्यापेक्षा घाणेरडं मिळालेलं बरं म्हणून तशी सोय केलेली असते. म्हणजे तुम्ही खूश असता की साफसफाई चालू आहे आणि प्रत्यक्षात ती सगळी घाण न गाळता बेअरिंगवर जातेय. म्हणून साफसफाईच्या पहिल्या फेरीत ऑइल दीड हजारापर्यंत न्यायचं असेल तर मधे ७००-८०० ला नुसता फिल्टर बदला आणि जेवढं ऑइल गेलं तेवढं टॉपअप करा. छोट्या पेट्रोल गाडीचा फिल्टर शंभर-दोनशे रुपयांच्या घरात येतो, तीन-साडेतीन लिटर सिंथेटिकच्या मानाने काहीच नाही. काढलेला फिल्टर फेकू नका, मेकॅनिकला सांगून तो कापून बघा, कागदाच्या घड्यांमध्ये काय अडकलंय ते बोटांनी चाळा. मऊ काळा लेप असेल तर काम बरोबर चाललंय. कडक कण असतील तर पुढची फेरी लांबवू नका. चमकणारे धातूचे बारीक तुकडे दिसले तर मात्र हा विषय ऑइलचा राहिला नाही, बेअरिंग बघावी लागेल.

आणखी एक गोष्ट जी पुण्यात फार लागू होते. किलोमीटर हे माप आपल्याकडे फसवं आहे. गाडीच्या डिस्प्लेवर ॲव्हरेज स्पीड बघा, शहरातच चालणाऱ्या गाडीला १८-२० दिसेल. २० च्या वेगाने ५,००० किलोमीटर म्हणजे इंजिन २५० तास चाललं. तेवढ्याच २५० तासांत हायवेवर ५० च्या ॲव्हरेजने गाडी १२,५०० किलोमीटर गेली असती. ऑइलला रस्ता माहिती नसतो, त्याला किती तास तापलो आणि किती वेळा थंड झालो एवढंच कळतं. म्हणून दर वीकेंडला गावाला जाणाऱ्या गाडीने १,५०० चे २,००० केले तरी चालेल, आणि जी गाडी वाकड ते हिंजवडी एवढीच जाते तिने १,००० च्या वर जाऊ नये. वापर फारच कमी असेल तर किलोमीटर सोडा, पहिल्या फेरीला दोन-तीन महिने झाले की बदला. साफसफाई चालू असताना आठवड्यातून एकदा गाडी तासभर मोकळ्या रस्त्यावर घेऊन जा, एक्सप्रेसवेवर लोणावळ्यापर्यंत नाहीतर खंबाटकीच्या दिशेला, गिअर बरोबर, स्पीड एकसारखा. ऑइल पूर्ण गरम होऊन पाणी उडतं आणि डिटर्जंटचं काम पण गरम ऑइलमध्येच चांगलं होतं. फिरणं होतं ते वेगळंच.

आता कुठल्या गाडीला हे करायचं नाही. झाकणातून टॉर्च मारून बघा, किंवा मोबाईलला लावायचा स्वस्तातला एंडोस्कोप कॅमेरा मिळतो तो आत सोडा. नुसता सोनेरी-तपकिरी रंग चढलेला असेल तर घाबरायचं काहीच कारण नाही, चांगलं ऑइल टाका आणि ५,००० किंवा सहा महिन्यांनी बदलत राहा, बाकी काही करू नका. मऊ काळा थर, बोटाने पुसला जाणारा, त्याच्यासाठी वरचं सगळं आहे. पण थर वाळून कडक झालाय, खरवडला तर खडे पडतायत, किंवा त्याहून वाईट म्हणजे गाडी गरम झाल्यावर सिग्नलला उभी असताना ऑइलचा लाल दिवा लुकलुकतोय, टॅपेटचा (वॉल्व उघडणाऱ्या भागाचा) टकटक आवाज येतोय, तर कृपा करून सिंथेटिकच्या भरवशावर राहू नका. चेंबरच्या तळाशी ऑइल पंपाच्या तोंडाला एक जाळी असते, सुटलेले खडे तिथे जाऊन बसतात, आणि जाळी फिल्टरच्या आधी असल्यामुळे फिल्टर कितीही वेळा बदलला तरी तिचं काही होत नाही. जाळी बंद झाली की प्रेशर गेलं, आणि लाल दिवा पेटल्यावर दोन किलोमीटर पण चालवली तर इंजिनचं काम निघू शकतं. अशा गाडीचं आधी चेंबर खाली उतरवायचं, जाळी काढून साफ करायची, टॅपेट कव्हर उघडून हाताने निघेल तेवढं पुसून काढायचं आणि वरून ऑइल खाली यायची भोकं मोकळी करायची. प्रेशर गेज लावून एकदा खात्री करायची. मग सिंथेटिक आणि मग १,००० ची फेरी. खर्च होतो, मान्य आहे, पण इंजिन बांधण्याच्या खर्चापुढे तो काहीच नाही.

झाकणाखाली पांढरट-पिवळट फेस दिसला तर वेगळं बघा. पावसाळ्यात किंवा थंडीत, कमी चालणाऱ्या गाडीत, फक्त झाकणालाच असेल तर ते बहुतेक वेळा साचलेलं पाणी असतं, लांब चालवली की जातं. पण ऑइल मोजायच्या पट्टीवर पण तसंच दुधाळ दिसतंय आणि कूलंट कमी होतंय तर हेड गॅस्केटचा (ऑइल आणि कूलंट वेगळं ठेवणाऱ्या सीलचा) संशय घ्या, तिथे ऑइल बदलून उपयोग नाही.

फ्लशबद्दल सगळेच विचारतात. जुन्या ऑइलमध्ये इंजिन धुवायच्या केमिकलची बाटली ओतून दहा मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवायची आणि काढायचं. थोडा थर असेल तर फार नुकसान नाही, पण ज्या इंजिनात खरंच जाड गाळ आहे तिथे हे मला धोक्याचं वाटतं, कारण थर पातळ होऊन विरघळायच्या ऐवजी मोठा पापुद्रा सुटतो आणि थेट जाळीवर जातो. रॉकेल किंवा डिझेल टाकून फ्लश करायची पद्धत अजून काही गॅरेजमध्ये आहे, तिला तर स्पष्ट नाही म्हणा. त्याने ऑइलचा थर पातळ होऊन बेअरिंग कोरडी पडतात, आणि नट काढल्यावर सगळं बाहेर येतं असं पण नाही, खाचांमध्ये राहतंच आणि नवीन ऑइलमध्ये मिसळतं.

आणि मूळ कारण तसंच ठेवून ऑइलवर पैसे घालू नका. पीसीव्ही वॉल्व काढून हलवून बघा, साध्या प्रकारचा असेल तर आतली गोळी खडखडली पाहिजे, पाईप चोंदलेला नको. आणि थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंट अडवणारा वॉल्व, आहे का ते बघा. गाडी गरम होते म्हणून कधीतरी कोणीतरी थर्मोस्टॅट काढून टाकलेला असतो, मालकाला पत्ताच नसतो, आणि इंजिन कायम थंड चालतं. काटा हायवेवर खाली पडत असेल तर हीच शंका घ्या. नवीन बसवल्याशिवाय गाळ परत होणारच.

डिझेलवाल्यांसाठी थोडं वेगळं. डिझेलचं ऑइल बदलल्यावर काही दिवसांतच काळं होतं, ते काजळीमुळे, त्यावरून काही ठरवू नका. खरंतर पेट्रोलमध्ये पण साफसफाई चालू असताना ऑइल लवकर काळं झालं तर ते चांगलंच लक्षण आहे, घाण धातूवरून सुटून ऑइलमध्ये आलीये. बीएस६ डिझेलमध्ये डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडकवून जाळणारा फिल्टर, असतो आणि शहरात त्याची जळण्याची प्रक्रिया वारंवार अर्धवट राहिली की डिझेल ऑइलमध्ये उतरतं, पट्टीवर लेव्हल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेली दिसते. अशी वाढलेली दिसली तर किलोमीटर न बघता ऑइल बदला. आणि ऑइल कमी राखेचंच घ्या, मॅन्युअलमध्ये सी२ किंवा सी३ असं जे लिहिलं असेल ते, नाहीतर इंजिन साफ होईल आणि डीपीएफ चोंदेल. टर्बो असेल तर अंतर पेट्रोलपेक्षा पण कमी ठेवा, टर्बोच्या बेअरिंगला ऑइल पुरवणारी नळी बारीक असते.

साफ होत आलं की कधीकधी एक त्रास दिसतो, टॅपेट कव्हरच्या कडेने ऑइल पाझरायला लागतं. लोक म्हणतात सिंथेटिकने लीक झालं. गॅस्केट आधीच कडक झालेलं असतं, गाळाने फट बुजवलेली असते, ती मोकळी झाली इतकंच. नवीन गॅस्केट टाका.

ऑइल नाना पेठेत घ्या नाहीतर कुठेही, पण बिल घ्या आणि सील तपासा, कारण ब्रँडेड रिकामे डबे भरून विकण्याचे प्रकार होतात. डबा आपल्यासमोर उघडायला सांगा आणि रिकामा झाल्यावर त्याला भोक पाडून टाका. काढलेलं जुनं ऑइल मात्र गटारात अजिबात नाही, ते शेवटी मुठा नदीतच जातं. घरी बदलत असाल तर कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडे द्या, त्यांच्याकडून वापरलेलं ऑइल गोळा करणारे असतात.

तिसऱ्या फेरीनंतर आत बघितलं आणि धातू दिसायला लागला, फिल्टर कापल्यावर फारसं काही निघत नाहीये, दिवा नाही, आवाज नाही, की साफसफाई थांबवा आणि नेहमीच्या वापरावर या. पण नेहमीचं म्हणजे १०,००० नाही. शहरातल्या गाडीला ५,००० ते फार तर ७,५००, किंवा सहा-आठ महिने, जे आधी होईल ते, आणि दर महिन्याला एकदा पट्टी काढून लेव्हल बघायची.